आधी इंजिन की आधी रंग? जुन्या भागांतून रोडस्टर बांधणाऱ्याला उत्तर

नमस्कार. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मिशिगनमधल्या एका शेतकऱ्याच्या शेडमधून तुम्हाला १९३० च्या फोर्ड मॉडेल ए रोडस्टरची, म्हणजे पक्कं छप्पर नसलेल्या उघड्या गाडीची, बॉडी आणि चासी मिळाली. शेजारी ताडपत्रीखाली १९४६ चं फ्लॅटहेड व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन, व्हॉल्व्ह मुख्य ओतीव धडात म्हणजे ब्लॉकमध्ये, म्हणून वरचं हेड सपाट) पडलं होतं, तेही त्याने देऊन टाकलं. यातून जुन्या पद्धतीची हॉट रॉड, म्हणजे हलकी करून मोठं इंजिन घातलेली वेगवान गाडी, बांधायची, भाग शक्यतो जुनेच वापरायचे. आता हाताशी आहेत ते पैसे आधी इंजिनावर घालू, की चासी आणि बॉडी रंगवून घेऊ म्हणजे घरच्यांना निदान काहीतरी दाखवता येईल, असं तुम्ही विचारलंय.

माझं उत्तर: तूर्तास दोन्ही नको. तुमच्याकडे आज गाडी नाही, वेगवेगळ्या वर्षांच्या फोर्डचे अवशेष आहेत. ते एकमेकांसाठी बनलेले नाहीत. मॉडेल ए ची चासी चार सिलिंडरच्या ४० अश्वशक्तीच्या इंजिनासाठी होती, तुमचं व्ही-८ कारखान्यातून निघालं तेव्हा १०० अश्वशक्तीचं होतं. यातला कुठलाही एक भाग आधीच ‘पूर्ण’ करून ठेवलात, तर पुढच्या भागासाठी तोच कापावा लागणार. म्हणून अख्खी गाडी आधी कच्ची उभी करायची, वेल्डचे छोटे टाचे मारून, ठोकळे लावून, गंजासकट. ती चाकांवर उभी राहिली, तुम्ही आत बसून स्टिअरिंग धरलंत, की मग एकेक भाग सोडवून पक्का करायचा.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मला इथून सांगता येणार नाहीत. तुम्हाला स्वतःला वेल्डिंग येतं का, गॅरेजची फरशी सपाट आहे का, गाडी रविवारी चक्कर मारायला हवी की हायवेवरून दोनशे मैल जायला. तुमची उंचीसुद्धा महत्त्वाची आहे. मॉडेल ए रोडस्टरमध्ये सहा फुटी माणूस गुडघे कानाला लावून बसतो.

माझ्याबद्दल थोडं, म्हणजे माझं किती ऐकायचं ते ठरवता येईल. मी मूळचा कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात वडिलांचं लेथचं दुकान होतं, ऑइल इंजिनांची कामं यायची. गेली बावीस वर्षं ओहायोत आहे, दिवसा टूलरूममध्ये आणि संध्याकाळी स्वतःच्या गॅरेजमध्ये. चार रोडस्टर स्वतः रस्त्यावर आणल्या, दोन जणांच्या अर्धवट पडलेल्या पूर्ण करून दिल्या. त्या दोन्ही अर्धवट गाड्यांची चासी चकचकीत रंगवलेली होती, बरं का.

पहिलं काम कागदाचं. पाना हातात घेण्याआधी डाव्या चासी-पट्टीच्या वरच्या बाजूला, बॉडीखाली, ठोकलेला नंबर शोधा. बॉडी उचलल्याशिवाय तो दिसत नाही. वायर ब्रशने हलक्या हाताने घासा, ग्राइंडर चुकूनही लावू नका. मॉडेल ए च्या काळात इंजिनाचा नंबरच चासीवर ठोकत. त्यामुळे टायटलवरचा (गाडीच्या मालकीच्या कागदावरचा) नंबर आणि चासीवरचा नंबर जुळला तर तुम्ही सुटलात, नाही जुळला तर तुमच्या राज्याचे नियम आधी नीट विचारून घ्या. हे प्रत्येक राज्यात वेगळं आहे. दोन वर्षं खपून बांधलेली गाडी नंबर प्लेटसाठी अडलेली मी पाहिली आहे.

मग एक वर्ष ठरवा. ‘जुन्या पद्धतीची’ म्हणजे कुठल्या वर्षाची? हे नुसतं शोभेसाठी विचारत नाही, त्यावर पुढची निम्मी खरेदी ठरते. हा सगळा प्रकार कॅलिफोर्नियातल्या पोरांनी सुरू केला. म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या पडलेल्या तळ्यांवर ते गाड्या पळवत. १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन निघाली आणि वेग रीतसर मोजला जाऊ लागला. महायुद्धाहून परतलेल्या मुलांच्या हातात चार पैसे होते, सैन्यात शिकलेली यंत्रांची कामं होती, आणि भंगारात फोर्ड गाड्यांचे ढीग होते. १९४८ च्या जानेवारीत ‘हॉट रॉड’ मासिकाचा पहिला अंक आला, १९४९ मध्ये युटातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या पठारावर पहिला स्पीड वीक, म्हणजे वेगाच्या स्पर्धांचा आठवडा, झाला. रोडस्टर का? कारण ती हलकी होती आणि जुन्या बाजारात स्वस्त होती. मडगार्ड काढायचे ते वजन आणि वारा कमी करायला. मोठं इंजिन नंतरच्या अपघातग्रस्त गाडीतून उचलायचं, हायड्रॉलिक ब्रेक आणखी तिसऱ्या गाडीतून. आपल्याकडे जुन्या डिझेल इंजिनावर लाकडी पाट्या ठोकून गावात फिरवतात, तीच वृत्ती, फक्त यांना वेगाचं वेड.

तेव्हा मी तुमच्या जागी १९४९ धरला असता. तुमच्या इंजिनाला तो शोभतो. कुठलाही भाग घेताना स्वतःला विचारा, १९४९ च्या उन्हाळ्यात हा एखाद्या पोराला भंगारात मिळाला असता का? १९४६ चं इंजिन, हो. १९३९ चा गिअरबॉक्स, हो. सोळा इंची लोखंडी डिस्क चाकं, मागे ७.०० आणि पुढे ५.५० किंवा ६.०० इंच रुंदीचे टायर, हो. पंधरा इंची क्रोम चाकं आणि मागे रुंद टायर, नाही. ती पुढच्या दशकाची गोष्ट. एकाच गाडीत तीन दशकं कोंबली की ती जत्रेतल्या पाळण्यासारखी दिसते.

आता चासी. इथे दोन रस्ते आहेत. एक, तुमचीच मॉडेल ए ची चासी. तिच्या पट्ट्या उघड्या सी आकाराच्या, पातळ, आणि मुद्दाम लवचिक ठेवलेल्या, कारण तेव्हाचे रस्ते बैलगाडीचे होते. व्ही-८ बसवायचं तर त्या आतून पट्टी मारून बंद कराव्या लागतात आणि मधला क्रॉसमेंबर (दोन्ही पट्ट्यांना जोडणारा आडवा भाग) नवा करावा लागतो. दुसरा रस्ता, १९३२ च्या चासीवर मॉडेल ए ची बॉडी. १९३२ च्या पट्ट्यांच्या बाहेरच्या अंगाला एक सुरेख उठावाची रेघ आहे. त्या वर्षी चासीची बाजू झाकणारी पत्र्याची पट्टी फोर्डने काढून टाकली आणि चासीच गाडीच्या अंगाचा भाग झाली. मडगार्ड काढल्यावर ती रेघ जी दिसते, त्यासाठी लोक वाट्टेल ते मोजतात. चाकांमधलं अंतरही मॉडेल ए चं १०३.५ इंच, १९३२ चं १०६, म्हणजे इंजिनाला अडीच इंच जास्त मोकळीक. पण खऱ्या जुन्या १९३२ च्या पट्ट्या आज फार महाग आहेत, आणि नव्या बनवलेल्या घेतल्या तर ‘सगळं जुनंच’ हा तुमचा हट्ट तिथेच सुटतो. तुमच्याकडे चासी आहे, ती सरळ असेल तर तीच वापरा. सरळ आहे का ते बघायला कर्णाची दोन मापं घ्या, पुढच्या डाव्या रिव्हेटपासून मागच्या उजव्यापर्यंत आणि उलट. फरक पाव इंचाच्या आत असेल तर चालेल, त्यापुढे असेल तर आधी ओढून सरळ करून घ्या.

आता मुद्द्याचं. कच्ची गाडी कशी उभी करायची ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळा खेळ इथे आहे.

चासी चार स्टँडवर ठेवा. जे टायर शेवटी लावणार तेच, त्याच मापाचे, चाकांवर चढवून घ्या. जुने झिजलेले चालतील, पण माप तेच हवं. पुढचा ॲक्सल आणि आडवी पाटा-स्प्रिंग बसवा, पण स्प्रिंगची वरची मुख्य पाती ठेवून बाकीच्या काढून टाका. का? रिकाम्या चासीत वजन नसतं, पूर्ण स्प्रिंग दबतच नाही. नुसत्या एका पातीवर चासी जिथे बसते, तिथेच साधारण पूर्ण गाडी नंतर बसणार असते. मागे मॉडेल ए ची स्प्रिंग ॲक्सलच्या बरोबर डोक्यावर बसते, त्यामुळे गाडी मागून उंच राहते. १९३२ पासून फोर्डने ती ॲक्सलच्या मागे नेली. मागचा बँजो ॲक्सल (मधली पेटी बँजोसारखी गोल असते तो) तुम्ही १९४० च्या आसपासचा घेणार असाल तर हा फरक आत्ताच सोडवावा लागेल, मागचा क्रॉसमेंबर बदलून किंवा चासीची मागची बाजू वर उचलून.

मग इंजिन. तुमचं चांगलं इंजिन नव्हे. एखादा तडा गेलेला रिकामा ब्लॉक मिळवा, भंगारच्या भावात मिळतो, त्याला हेड आणि पाण्याचे पंप लावा. १९३७ पासून फोर्डने पाण्याचे पंप ब्लॉकवर आणले आणि इंजिनाचे पुढचे माउंट त्या पंपांवरच दिले. म्हणून पंप लावल्याशिवाय इंजिन कुठे बसणार ते कळतच नाही. मागे गिअरबॉक्स जोडा. रेडिएटर, फायरवॉल (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधला पत्रा), बॉडी, सीटच्या जागी पाट, पेडल, स्टिअरिंग, डाव्या बाजूचा एक्झॉस्ट, सगळं ठेवा. आणि मग आत बसा.

बसल्यावर काय कळतं? स्टिअरिंगचा दांडा ब्रेक पेडलवर येतो. एक्झॉस्टचा पाइप स्टिअरिंगच्या पेटीला चिकटतो. गिअरचा दांडा सीटच्या कडेत घुसतो. माझ्या पहिल्या रोडस्टरला हे तिन्ही झालं. मी चासी आधीच पावडर कोटिंग करून आणली होती, काळी कुळकुळीत, तोंड दिसेल अशी. एक्झॉस्टसाठी स्टिअरिंगची पेटी सव्वा इंच पुढे न्यावी लागली, म्हणजे ब्रॅकेट कापा, नवा वेल्ड करा. पावडर कोटिंगवर वेल्ड केल्यावर जो वास सुटतो तो माझ्या बायकोला आजही आठवतो. त्या एका चासीवर नऊ ठिकाणी डाग पडले आणि शेवटी ती सगळी पुन्हा सँडब्लास्टला गेली.

दुसरं म्हणजे गाडीची बसकण. पुढून खाली, मागून वर, हा कल नजरेने ठरवायचा. दहा पावलं मागे जाऊन, उकिडवं बसून. मनासारखी बसली की मग कोन मोजा. पुढच्या ॲक्सलचा किंगपिन (ज्याभोवती चाक वळतं तो खिळा) मागे साधारण पाच ते सात अंश कललेला हवा, म्हणजे स्टिअरिंग आपोआप सरळ येतं. आता बघा, चासी मागून दोन अंश उचललीत की हा कोन दोन अंशांनी कमी होतो. म्हणजे बसकण ठरायच्या आधी विशबोनचे (ॲक्सलला मागून चासीशी धरून ठेवणाऱ्या व्ही आकाराच्या दांड्याचे) ब्रॅकेट वेल्ड केलेत तर गाडी हायवेवर भिरभिरणार. कार्बोरेटर सपाट बसतो का, तेही याच कलावर. आणि गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टची लांबी! १९४० च्या फोर्डचं चाकांमधलं अंतर ११२ इंच होतं, तुमचं १०३.५. शाफ्ट आणि त्याभोवतीची टॉर्क ट्यूब दोन्ही कापावी लागणार, पण किती, हे गाडी उभी राहिल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही.

विशबोनचं निघालंच आहे तर हेही सांगतो. फ्लॅटहेडचा पसारा खाली मध्ये येतो म्हणून लोक विशबोन मधोमध फाडून दोन्ही टोकं चासीला जोडतात. आय-बीम, म्हणजे इंग्रजी आय अक्षरासारख्या छेदाच्या, ॲक्सलला हे चालतं, कारण एक चाक वर गेलं की तो बीम थोडा पिळतो. १९३७ चा नळीचा ॲक्सल हौसेने घेतलात तर फाडलेला विशबोन नको. नळी पिळत नाही, मग ताण वेल्डवर जातो. आणि वेल्ड कधीतरी सुटतो.

आता तुमचं इंजिन. ते आधी ‘बांधून’ घेऊ नका, पण त्याची तपासणी मात्र आत्ताच करा. इंजिन ओळखायचं तर मागच्या बाजूला, क्लचच्या घुमटाच्या वर बघा. ५९ ने सुरू होणारी ओतीव अक्षरं असतील तर ते युद्धानंतरचं, २३९ घन इंचाचं, म्हणजे ३.९ लिटरचं. प्रत्येक हेडला २४ स्टड, एकूण ४८. ऐंशी वर्षांच्या गंजाने ते हेडला धरून बसलेले असतात. आठवडाभर रोज गंजतेल सोडा, उष्णता द्या, पान्याला थोडं पुढे थोडं मागे करा. एका दमात जोर लावलात तर स्टड तुटतो आणि मग ड्रिल घेऊन रडत बसावं लागतं.

तुमचा ब्लॉक मिशिगनच्या शेडमध्ये पडून होता, म्हणून माझी पहिली शंका थंडीवर. आत पाणी राहिलं असेल तर हिवाळ्यात गोठून बाहेरची भिंत फुटलेली असते. टॉर्च तिरपा धरून बघा. बाकीचे तडे आतले. स्टडच्या भोकापासून पाण्याच्या भोकापर्यंतचा छोटा तडा बहुतेक फ्लॅटहेडना असतो, तो बऱ्याचदा दुरुस्त होतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलिंडरमध्ये उतरलेला तडा मात्र महाग पडतो. याचं मूळ इंजिनाच्या रचनेतच आहे. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, एक्झॉस्टचे रस्तेही ब्लॉकमधूनच पाण्याला खेटून बाहेर जातात. एका बाजूला चार सिलिंडर, पण बाहेर पडायला तोंडं तीनच, मधल्या दोघांना मिळून एक. तिथे उष्णता साठते.

तपासायचा क्रम असा: पूर्ण उघडणं, धुणं, चुंबकीय पूड टाकून तडे बघणं, गरम पाण्याने दाब देऊन बघणं, सिलिंडरच्या भिंतीची जाडी मोजणं. हे सगळं झाल्यावरच बोअरिंग, म्हणजे सिलिंडर रुंद करणं. हा क्रम मी पैसे घालवून शिकलो. इथल्या एका दुकानाने माझा ब्लॉक आधी बोअर केला, होनिंग केलं, आणि मग तडा दाखवला, वर दोन्ही कामांचं बिल लावलं. बोअर ३ ३/१६ वरून ३ ५/१६ इंच केला आणि मर्क्युरीचा (फोर्डचाच तेव्हाचा दुसरा ब्रँड) चार इंची स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनच्या चालीचा, क्रँक टाकला तर २७६ घन इंच होतात, हे जुन्या पोरांचं आवडतं गणित. पण भिंत तेवढी जाड आहे का, ते मोजल्याशिवाय नाही.

आणि धुणं म्हणजे नुसतं केरोसीन नव्हे. पाण्याच्या पोकळ्यांत गंजाचा चिखल दगडासारखा बसलेला असतो. एकदा मी वाकवलेल्या तारेने खरवडत होतो, तर आतून दुसरीच तार बाहेर आली. ओतकामाच्या वेळी वाळूच्या कोअरला आधार म्हणून घातलेली, कारखान्यातली! बाजूला काढलेला गंज आणि वाळू मिळून सकाळचा डबा भरला. ‘फ्लॅटहेड तापतंच’ म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी हा डबा कधी भरलेला नसतो.

जुनंच वापरायच्या हट्टाला मी दोन ठिकाणी नाही म्हणतो. पहिलं, ब्रेक. मॉडेल ए चे ब्रेक दांड्यांवर चालणारे. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ मध्ये दिले, आणि १९४९ च्या पोरानेही तेच बसवले असते. ड्रम, शू, बॅकिंग प्लेट जुनी घ्या. पण जुना मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा असतो, एक नळी फुटली की चारही चाकं मोकळी. तिथे फरशीखाली दोन सर्किटचा नवा बसवा, नळ्या नव्या, होज नवे. खाली वाकून कोण बघतंय. दुसरं, स्टिअरिंग आणि पुढचे स्पिंडल (ज्यांवर पुढची चाकं फिरतात ते खुंट). स्पिंडल, स्टिअरिंग आर्म, पिटमन आर्म यांची तडे-तपासणी ब्लॉकबरोबरच करून घ्या, खर्च थोडा येतो. स्टिअरिंगची पेटी १९४८ ते १९५२ च्या फोर्ड एफ-१ पिकअपची शोधा, मॉडेल ए च्या पेटीपेक्षा कितीतरी मजबूत. १९४९ च्या आमच्या पोराला ती भंगारात मिळणं कठीण होतं, पण एवढी चोरी मी माफ करतो.

गिअरबॉक्स १९३९ चा शोधा. १९४० पासून फोर्ड कारचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर गेला, म्हणून फरशीवरच्या दांड्याच्या या शेवटच्या गिअरबॉक्सला मागणी आहे. मागच्या बँजो ॲक्सलचे हब निमुळत्या शाफ्टवर किल्लीने बसतात. ते ड्रमवर हातोडा मारून काढू नका, ड्रम फुटतो. योग्य पुलर भाड्याने आणा, ताण द्या, रात्रभर तसाच ठेवा. मध्यरात्री गॅरेजमधून बंदुकीसारखा आवाज आला तर दचकू नका, हब सुटला.

वायरिंग सहा व्होल्टचं, पॉझिटिव्ह अर्थ. जाड केबल वापरल्या तर ते उत्तम चालतं. लोक बारीक वायर टाकतात आणि सहा व्होल्टला शिव्या देतात.

भागांसाठी ऑक्टोबरमध्ये पेनसिल्व्हेनियात हर्शीला जा, तिथे जुन्या गाड्यांचा आणि भागांचा मोठा बाजार भरतो. मापं लिहिलेली वही, कॅलिपर आणि रोख घेऊन. ॲक्सलच्या टोकाची जाडी वर्षागणिक बदलते, विकणारा म्हणेल ‘सगळ्यांना बसतं’. मोजून घ्या.

थोडक्यात क्रम: नंबर, वर्ष, कच्ची गाडी, तोवर शेजारी ब्लॉकची तपासणी, मग वेल्डिंग, मग यंत्रकाम, आणि सगळं सोडवून शेवटी रंग. किती वेळ लागेल? मला सर्वांत लवकर झालेल्या गाडीला साडेतीन वर्षं लागली. घरच्यांना दाखवायचं असेल तर कच्ची गाडी चाकांवर उभी राहिली की त्यांना आत बसवून फोटो काढा. माझ्या मुलीने गंजलेल्या रोडस्टरमध्ये बसून काढलेला फोटो रंगवलेल्या गाडीच्या फोटोपेक्षा आमच्या घरात जास्त दिवस टिकला आहे.

आता मला तीन गोष्टी कळवा: चासीवरचा नंबर टायटलशी जुळतो का, कर्णाच्या दोन मापांत फरक किती, आणि इंजिनाच्या घुमटावर कुठली अक्षरं आहेत. ब्लॉकच्या बाहेरच्या दोन्ही भिंतींचे फोटोही टाका, टॉर्च तिरपा धरून.